स्टेशनवर गाडी लावायची का नाही, घरून निघायच्या आधी हिशोब कसा करायचा

मागच्या महिन्यात माझा मेव्हणा मुंबईला गेला, शुक्रवारी रात्री १० ला स्टेशनवर बाईक लावली आणि सोमवारी पहाटे ५ ला परत उतरला, त्याच्या डोक्यात दोन दिवसाचे पैसे होते आणि पार्किंगवाल्याने तीन दिवसाचे मागितले. भांडण झालं पण पार्किंगवाला बरोबर होता. शुक्रवार रात्री १० ते सोमवार पहाटे ५ म्हणजे ५५ तास, पार्किंगचे २४-२४ तासांचे दोन टप्पे संपून वर ७ तास, मग तिसरा टप्पा लागणारच. आपण तिकीट काढताना दहा-दहा रुपयाचा विचार करतो, स्लीपर का जनरल, या गाडीने का त्या, आणि स्टेशनवर गाडी किती तास उभी राहणार हे मात्र कोणीच मोजत नाही. म्हणून हे लिहितोय, खास करून जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा, यावल, एरंडोल, पारोळा इकडच्या लोकांसाठी, ज्यांच्या गावात रेल्वेच नाही आणि आधी कशाने तरी स्टेशन गाठावं लागतं.

सगळ्यात पहिले बोर्ड वाचा. पार्किंगच्या तोंडाशी दराचा बोर्ड असतो, त्यावर सायकल, बाईक, कार असे वेगळे दर आणि तासांचे टप्पे लिहिलेले असतात, हेल्मेट ठेवायचे काही ठिकाणी वेगळे पैसे घेतात. प्रत्येक स्टेशनचा दर सारखा नसतो म्हणून जळगावचा दर भुसावळला धरून चालू नका. एकदा बोर्डाचा फोटो काढून मोबाईलमध्ये ठेवला की पुढच्या वेळी घरी बसून हिशोब होतो. आणि दिवस मोजू नका, तास मोजा, पावतीवर जी वेळ पडते तिथून मीटर चालू. तुमची ट्रेन दोन तास लेट आहे हे घरीच कळलं तर घरीच थांबा, उगाच लवकर जाऊन पार्किंगचे दोन तास वाढवू नका, परत येताना तेच दोन तास पुढच्या टप्प्यात ढकलतात.

आता मुख्य हिशोब. पार्किंगचे पैसे वाचवायचे म्हणून आपल्याकडे सगळ्यात जास्त काय करतात, तर पोराला नाहीतर भावाला सांगतात "मला सोडून दे". ते फुकट वाटतं पण फुकट नाही. समजा गाव स्टेशनपासून १२ किलोमीटर आहे. तुम्ही स्वतः गाडी नेऊन लावली तर जाताना १२ येताना १२, एकूण २४. सोडायला आणि घ्यायला कोणी आलं तर तो जाताना २४ फिरतो आणि तुम्हाला आणायला परत २४, म्हणजे ४८. वरचे २४ किलोमीटर बाईकला अर्धा लिटर पेट्रोल, म्हणजे ५० रुपयाच्या वर, आणि कार असेल अन ती लिटरला १५ देत असेल तर दीड लिटरच्या वर, सरळ १६० च्या आसपास. म्हणजे तुमचं पार्किंगचं एकूण बिल या आकड्यापेक्षा कमी येत असेल तर गाडी लावा, जास्त येत असेल तर सोडायला सांगा. एका दिवसाच्या कामाला बहुतेक वेळा लावणंच परवडतं आणि आठवडाभर जाणार असाल तर सोडून देणंच स्वस्त. सोबत सोडायला येणाऱ्या माणसाचा वेळ पण धरा, रात्री २ ला आलेल्या गाडीवरून घ्यायला बोलावता तेव्हा त्याची झोप जाते अन दुसऱ्या दिवशी त्याला पण कामावर जायचं असतं.

एसटीचा हिशोब वेगळा लावा, कारण आता तो घराघरात बदलतो. १७ मार्च २०२३ पासून बायांना एसटीत अर्धं तिकीट आहे, ६५ ते ७५ वाल्यांना पण अर्धं, आणि ७५ च्या वरच्यांना ऑगस्ट २०२२ पासून फुकट. रेल्वेत ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० लाच बंद झाली, त्यामुळे म्हाताऱ्या माणसाचा स्टेशनपर्यंतचा प्रवास तरी एसटीने केला तर तेवढे वाचतात. माझी आई अन मावशी दोघी जातात तेव्हा मी बाईक काढतच नाही, दोघींना एसटीत बसवतो, पार्किंगचा प्रश्नच मिटला. भुसावळला एसटी स्टँड स्टेशनला लागूनच आहे म्हणून तिकडून येणाऱ्यांना हे फार सोपं, जळगावला स्टँड आणि स्टेशन लांब आहे, मधे रिक्षा लागते, ती रिक्षा हिशोबात धरायला विसरू नका. पण परतीची वेळ बघा. रात्री उशिरा उतरलात आणि गावाकडची शेवटची एसटी निघून गेली असेल तर एक तर सकाळपर्यंत फलाटावर बसा नाहीतर स्पेशल रिक्षा करा, अन त्या एका रिक्षात चार दिवसाचं पार्किंग निघतं. रात्रीची परती असेल तर मी तरी गाडी लावूनच जातो.

रोज अप-डाऊन करणाऱ्यांनी तर हा हिशोब महिन्याचा करायला पाहिजे. पार्किंगचा मासिक पास मिळतो का ते विचारा, समजा रोजचे २० आणि महिन्यात २६ दिवस, झाले ५२०, पास त्याच्या खाली असेल तर घ्या, पण तुम्ही खरंच किती दिवस जाता ते प्रामाणिकपणे मोजा, सुट्ट्या अन रजा काढून २० च दिवस होत असतील तर ४०० च्या वरचा पास महाग पडेल. रेल्वेच्या पासचं तसं नाही, तो तीन महिन्याचा काढला तर मासिकच्या २.७ पटच लागतो, म्हणजे फायदाच. पार्किंगचा मात्र एकदम तीन महिन्याचा काढायच्या आधी ठेका कधी संपतोय ते विचारून घ्या, ठेकेदार बदलला तर नवीन माणूस जुना पास मानेल याची खात्री नसते. गावातून दोघं जात असाल तर एकाच गाडीवर जा, पैसे गाडीचे लागतात माणसाचे नाही.

आणि एक गोष्ट मनापासून सांगतो. जळगाव भुसावळ अप-डाऊन करणारी कितीतरी पोरं पार्किंगचे २० वाचवायला पूर्ण रस्ता बाईकवर जातात. जाऊन येऊन ५० किलोमीटर, एक लिटर पेट्रोल, १०० रुपयाच्या वर. तेच पॅसेंजरचं किमान तिकीट १० रुपये, दोन्ही बाजूचे २०, पार्किंगचे २० धरले तरी ४०. वर हायवेला ट्रक, कंटेनर, थंडीत पहाटेचं धुकं, अन मे महिन्यातलं आपल्याकडचं ४४-४५ चं ऊन. माझा एक मित्र त्या हायवेवर पडला, आठ महिने काठीवर होता. तो पार्किंगचे पैसे जास्त आहेत म्हणूनच गाडी नेत होता.

जवळचं छोटं स्टेशन पण डोक्यात ठेवा. म्हसावद, पाळधी, निंभोरा, कजगाव, इथे गर्दी कमी असते, पण मोजक्याच गाड्या थांबतात म्हणून आधी थांबा बघा मग गाडी काढा. रस्त्यावर फुकट लावणं मात्र नको, नो पार्किंगमध्ये उचलून नेली तर दंड आणि ट्रेन दोन्ही जातं. ओळखीच्या माणसाच्या अंगणात लावता येत असेल तर उत्तम.

लावताना हँडल लॉक, शक्य असेल तर साखळी, उन्हाळ्यात शेडखाली जागा मागून घ्या. पावतीवर गाडी नंबर आणि वेळ बरोबर आहे का तिथेच बघा आणि लगेच फोटो काढा, आई म्हणते तसं "पावती आधी खिसामा ठेव". रेल्वेने पार्किंगचे ठेके जून २०२२ पासून ऑनलाइन लिलावात आणले, पण ठेका कोणाकडेही असो, घ्यायचे ते बोर्डावरचेच. माझ्याकडून एका स्टेशनवर बोर्डावर २० असताना ३० घेतले होते, मी पावती आणि बोर्ड दोन्हीचा फोटो रेल मदद या रेल्वेच्या तक्रारीच्या ॲपवर टाकला, १३९ ला फोन करून पण तक्रार देता येते. तक्रारीत स्टेशनचं नाव, तारीख, वेळ आणि पावती नंबर लिहा. पावती दिलीच नाही तर पैसे देऊ नका, आधी पावती मागा.