डीप हाउस आणि बॅलेअरिक रेकॉर्ड कशा घ्याव्यात: रीइश्यू पारखण्यापासून पावसाळ्यात जपण्यापर्यंत

रेकॉर्ड जमवणाऱ्यांत एक समज फार घट्ट बसलाय: पहिली, मूळ प्रत तीच खरी, नंतरच्या सगळ्या दुय्यम. डीप हाउस आणि बॅलेअरिकच्या बाबतीत हा समज खिसा रिकामा करतो आणि बऱ्याचदा आवाजही वाईट पदरात टाकतो. या संगीतात नव्याने पडणाऱ्याने पहिले पैसे चांगल्या रीइश्यूवर, म्हणजे जुन्या रेकॉर्डच्या नव्याने काढलेल्या प्रतीवर, घालावेत, असं माझं ठाम मत आहे. फक्त ‘चांगली’ म्हणजे काय, हे ओळखता आलं पाहिजे.

आधी कान तयार करा

डीप हाउस शिकागोचं. १९८०च्या दशकाच्या मध्यावर तिथल्या क्लबांत हाउस हे नाचायचं इलेक्ट्रॉनिक संगीत घुमत होतं, तेव्हा लॅरी हर्ड नावाच्या ड्रमरने सिंथेसायझर आणि ड्रम मशीन घेऊन त्याच ठेक्यावर हळवे, जाझच्या वळणाचे स्वर चढवले. ‘मिस्टर फिंगर्स’ या नावाने १९८६ मध्ये आलेलं त्याचं ‘कॅन यू फील इट’ ऐका. रोलंड जुनो-६०चे लांबलेले स्वर, खाली रोलंडच्याच ड्रम मशीनचा ठेका आणि बेसची एक साधी फिरणारी ओळ. पुढचं जवळजवळ सगळं डीप हाउस याच वाटेने गेलंय.

बॅलेअरिकला असा ठरलेला ठेका नाही. इबिझा, मायोर्का, मेनोर्का, फोर्मेंतेरा ही स्पेनची बॅलेअरिक बेटं. इबिझावरच्या ‘अम्नेसिया’ क्लबात अल्फ्रेदो हा मूळचा अर्जेंटिनाचा डीजे पहाटेपर्यंत काहीही वाजवायचा: पॉप, रेगे, इटालियन डिस्को, गिटारची गाणी, शिकागोचं हाउस. गाणं कुठल्या खणातलं आहे याची त्याला पर्वा नव्हती. १९८७च्या उन्हाळ्यात लंडनचे काही डीजे तिथे गेले, भारावले आणि ती पद्धत घरी घेऊन गेले. त्याच बेटावर सान आंतोनियोच्या किनाऱ्यावर ‘कॅफे देल मार’मध्ये होसे पादिया सूर्यास्ताच्या वेळी संथ गाणी लावायचा. बॅलेअरिकची मंद बाजू तिथून आली.

म्हणून आधी डिजिटलवर भरपूर ऐका, तेही पूर्ण. ही गाणी सात-आठ मिनिटांची असतात, तीस सेकंदांच्या तुकड्यावरून त्यांचा अंदाज येत नाही. जर्मन संगीतकार मानुएल ग्योट्शिंगचा १९८४ चा ‘ई२-ई४’ अल्बम तासभर एकाच कल्पनेभोवती फिरतो. तो शेवटपर्यंत आवडला तर हा छंद तुमचा.

रीइश्यूचा आवाज आणला कुठून?

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

‘कॅन यू फील इट’ ज्या ट्रॅक्स लेबलवर (रेकॉर्ड कंपनीकडून) आलं, त्याच्या मूळ रेकॉर्ड निकृष्ट प्रेसिंगसाठी, म्हणजे छपाईसाठी, बदनाम आहेत. न खपलेल्या जुन्या रेकॉर्ड वितळवून त्याच मालावर नवी गाणी छापली जायची, असं त्या काळातले लोक सांगत आले आहेत. परिणाम कानाला लगेच कळतो: गाण्याखाली सतत खरखर, वर फटफट. अशी मूळ प्रत महागात घेऊन तुम्ही इतिहास विकत घेता. तो हवा असेल तर जरूर घ्या. गाणं हवं असेल तर मूळ टेपवरून नीट केलेली नवी प्रत केव्हाही बरी.

पण सगळ्या नव्या प्रती टेपवरून होत नाहीत. आवाज तीन ठिकाणांहून येऊ शकतो: मूळ टेप, कलाकाराकडे राहिलेली डिजिटल प्रत, किंवा टेप हरवली असेल तर एखाद्या जपलेल्या रेकॉर्डवरून केलेलं ध्वनिमुद्रण. तिसरा मार्गही प्रामाणिक असू शकतो, लेबलने तसं सांगितलं असेल तर. ‘रीमास्टर्ड’ एवढाच शब्द मात्र काहीच सांगत नाही. लेबलचं निवेदन वाचा. टेप कुठे सापडली, मास्टरिंग (छपाईआधीची आवाजाची शेवटची जुळणी) कोणी केलं, हे चांगली लेबलं अभिमानाने लिहितात. काहीच लिहिलेलं नसेल तर नमुना हेडफोनवर ऐका. गाणं सुरू व्हायच्या आधीच्या शांततेत बारीक चटचट ऐकू आली किंवा झांजेचा आवाज फिसकारल्यासारखा आला, तर तो आवाज दुसऱ्या रेकॉर्डवरून उचललाय असं समजा.

दुसरी गोष्ट हक्कांची. लॅरी हर्ड आणि गायक रॉबर्ट ओवेन्स यांनी हक्क आणि मानधनासाठी २०२० मध्ये ट्रॅक्सवर दावा लावला आणि २०२२ मध्ये तडजोड होऊन त्यांच्या संगीताचे हक्क त्यांना परत मिळाले. हे संगीत घडवणाऱ्या माणसाला स्वतःच्या गाण्यांसाठी इतकी वर्षं थांबावं लागलं. त्यामुळे चोरटी प्रत घ्यायची नाही, एवढं पथ्य मी पाळतो आणि तुम्हीही पाळावं असं मनापासून वाटतं. अधिकृत प्रतीवर बहुधा हक्क कोणाचे, परवाना कोणाकडून घेतला, याची ओळ छापलेली असते. रेकॉर्डच्या मधला कागद कोरा पांढरा, त्यावर नुसता रबरी शिक्का, कंपनीचं नाव कुठेच सापडत नाही आणि गाणं मात्र गाजलेलं, असं दिसलं की चौकशी करा. डिस्कॉग्स या रेकॉर्डच्या नोंदी ठेवणाऱ्या संकेतस्थळावर अशा प्रतींपुढे ‘अनऑफिशियल’ असं लिहिलेलं असतं.

भरवशाची नावं हवीत तर दोन सांगतो. अ‍ॅमस्टरडॅमच्या ‘रश अवर’ने २०१० मध्ये शिकागोच्या ‘व्हर्गो’ या जोडीचा १९८९ चा अल्बम पुन्हा काढला आणि पाठोपाठ त्यांची पडून राहिलेली अप्रकाशित गाणीही. त्याच शहरातल्या ‘म्युझिक फ्रॉम मेमरी’ने २०१४ मध्ये इटलीच्या जीजी मासीनचं संकलन काढलं आणि फारसं कोणी न ऐकलेलं त्याचं संगीत जगभर पोचलं. या दोघांच्या यादीत शिरलात तर पुढची वाट आपोआप सापडेल.

आपल्याकडच्या दोन रेकॉर्डही याच लाटेत वर आल्या. मुंबईच्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये सिंथेसायझरवर डिस्कोच्या ठेक्यात दहा राग वाजवले. ती रेकॉर्ड २०१० मध्ये एका डच लेबलने पुन्हा काढली तेव्हा अ‍ॅसिड हाउस या हाउसच्याच प्रकाराचे जाणकार चक्रावले, इतकं ते त्यासारखं लागत होतं. रूपा बिस्वास यांचा ‘डिस्को जाझ’ही १९८२ चाच. २०१९ मध्ये शिकागोच्या ‘न्यूमेरो ग्रुप’ने तो परत आणला आणि बॅलेअरिक वाजवणाऱ्यांनी उचलून धरला.

१२ इंची घ्यावी की अल्बम?

डीप हाउस शक्यतो १२ इंची सिंगलवर घ्या. एका बाजूला एक-दोनच गाणी असली की खाचा रुंद कापता येतात, बेस भरदार येतो, आवाज मोठा मिळतो. ३३ आरपीएमच्या (मिनिटाला ३३ फेऱ्यांच्या) एका बाजूवर वीस-बावीस मिनिटांहून जास्त संगीत कोंबलं की आवाजाची पातळी खाली आणावी लागते. घेण्याआधी वेळ मोजा. बॅलेअरिक संकलनं मात्र दोन रेकॉर्डच्या संचात निघाली असतील तर बिनधास्त घ्या. ‘१८० ग्रॅम’ या शिक्क्यासाठी जास्त पैसे मोजू नका, जाडीने आवाज सुधारत नाही.

जुनी घ्यायचीच असेल तर

विक्रेते प्रतीची अवस्था ठरावीक श्रेण्यांत सांगतात. ‘मिंट’, ‘निअर मिंट’, ‘व्हेरी गुड प्लस’, ‘व्हेरी गुड’ आणि त्याखाली ‘गुड’ वगैरे. नावांवर जाऊ नका. ‘व्हेरी गुड’ म्हणजे खरखर येणारच, आणि ‘गुड’ प्रत या संगीतासाठी निकामी समजा. रॉकच्या गदारोळात खरखर बुडून जाते, इथल्या शांत जागांत ती ठळक ऐकू येते. ‘व्हेरी गुड प्लस’च्या खाली उतरू नका. शेवटच्या खाचेजवळच्या मोकळ्या पट्ट्यावर कोरलेला क्रमांक आणि खुणा यांचा फोटो मागा आणि डिस्कॉग्सवरच्या नोंदीशी ताडून पाहा. कुठली आवृत्ती हातात येणार, हे त्यावरून कळतं.

भारतात मागवताना

पहिल्या रेकॉर्डचा टपालखर्च सगळ्यात जास्त, पुढच्या प्रत्येकीचा त्या मानाने थोडा. म्हणून दोघा-तिघांनी मिळून एकाच दुकानातून मागवा. सीमाशुल्क आणि कर वेगळे पडतात आणि ते ठरवताना टपालखर्चही किमतीत धरला जातो, हे आधीच हिशेबात घ्या. लंडन, अ‍ॅमस्टरडॅम, दुबईला कोणी नातेवाईक असेल आणि दिवाळीला घरी येणार असेल, तर रेकॉर्ड त्यांच्या पत्त्यावर मागवणं सगळ्यात सोपं. त्यांना एकच विनंती करा: रेकॉर्ड हातातल्या सामानात ठेवा. जमत नसेल तर मोठ्या बॅगेत मधोमध, वर-खाली कपड्यांची जाड घडी घालून, सपाट. प्री-ऑर्डर असेल तर जाहीर तारखेवर विसंबून त्यांचं तिकीट गृहीत धरू नका, कारखान्याकडून प्रती उशिरा येणं नेहमीचंच.

हातात आल्यावर

पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढा. तक्रार करायची वेळ आली तर तोच कामाला येतो. मग रेकॉर्ड फिरवून बाजूने डोळ्यांच्या रेषेत पाहा. कड किंचित वर-खाली होत असेल तर चालतं, सुई उडत असेल तर परत करा.

याहून महत्त्वाची तपासणी छिद्राची. छिद्र मध्यापासून जरासं सरकलेलं असलं की टोनआर्म (सुई धरणारा दांडा) प्रत्येक फेरीत डावी-उजवीकडे झुलतो आणि स्वर चढतो-उतरतो. ढोलाच्या ठेक्यात हे लक्षात येत नाही, पण लांब धरलेल्या सिंथच्या स्वरात आणि पियानोत ते नको इतकं जाणवतं. गोंधळ असा की जुनोसारख्या सिंथेसायझरचा कोरस (आवाज दाट करणारा परिणाम) मुळातच स्वर हलका डोलवतो. मग दोष कुठला आणि संगीत कुठलं? घड्याळ लावा. ३३ वर एक फेरी १.८ सेकंदांची असते, ४५ वर साधारण १.३ सेकंदांची. डोलणं नेमकं त्याच कालावधीने येत असेल आणि टोनआर्मही त्याच तालात झुलत असेल, तर प्रत सदोष आहे. पैसे किंवा बदली प्रत हक्काने मागा.

रेकॉर्डच्या मधल्या कागदावर वेग छापलेला नसेल तर ठेके मोजा. डीप हाउस मिनिटाला साधारण १२० ठेक्यांचं. ४५ची रेकॉर्ड ३३ वर लावली तर तो ठेका ८९ वर येतो. संथ बॅलेअरिक समजून कौतुकाने ऐकत बसाल, इतकं ते कधीकधी छान लागतं. मुद्दाम असं वाजवणारे डीजेही आहेत.

सुई आणि पावसाळा

सूटकेससारख्या स्वस्त प्लेअरवर या रेकॉर्ड लावू नका, त्याची जड सुई खाचा झिजवते. सुईचं वजन कार्ट्रिजच्या (सुई बसवलेल्या भागाच्या) कागदावर दिलंय तेवढंच ठेवा, उदाहरणार्थ ऑर्टोफोनच्या ‘२एम रेड’ला १.८ ग्रॅम. प्रत्येक वेळी वाजवण्याआधी कार्बन ब्रशने धूळ काढा. धुवायची झाली तर डिस्टिल्ड वॉटर आणि किंचित आयसोप्रोपिल अल्कोहोल पुरतं. तेच मिश्रण आजोबांच्या ७८ आरपीएमच्या तबकडीला मात्र लावू नका, लाखेची तबकडी अल्कोहोलने खराब होते.

नव्या रेकॉर्डवरचं प्लास्टिकचं घट्ट वेष्टण पहिल्याच दिवशी काढून टाका. उन्हाळ्यात ते आणखी आवळतं आणि रेकॉर्ड वाकवतं. उभ्या ठेवा, एकीवर एक रचू नका, उन्हाच्या खिडकीपासून लांब. कोकणात, मुंबईत, गोव्यात जून ते सप्टेंबर खरी काळजी कव्हरची असते. पुठ्ठा ओल धरतो आणि त्यावर बुरशीचे ठिपके उमटतात. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, खणात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या दर महिन्याला बदला. आतला कागदी लिफाफा काढून प्लास्टिकचं अस्तर असलेला घाला. आणि पाऊस उघडला की एखाद्या कोरड्या दिवशी सगळ्या रेकॉर्ड बाहेर काढून कव्हरांना तासभर पंख्याचा वारा द्या.