शेजारच्या सोसायटीचं झाड तुमच्या गाडीवर झुकलंय? पावसाआधी पत्र द्या

वादळात फांदी पडली की शेजारची सोसायटी हात वर करते, ‘निसर्गापुढे आम्ही काय करणार?’ धडधाकट झाड पडलं तर हे बरेचदा टिकतंही. धोका आधीच कळवला होता हे दाखवता आलं, तर मात्र तुमची बाजू भक्कम होते.

१. पोकळ बुंधा, वाळकी फांदी यांचे तारखेसह फोटो काढा.
२. सेक्रेटरींना पत्र द्या, आपल्या प्रतीवर सही-शिक्का घ्या. टाळाटाळ केली (करतातच!) तर स्पीड पोस्टने पाठवा, पावती जपा.
३. एक प्रत ठाणे महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाला द्या.

विमा नुसता थर्ड पार्टी (म्हणजे फक्त दुसऱ्याच्या नुकसानीपुरता) असेल तर तुमच्या गाडीची भरपाई त्यातून मिळत नाही.

फांदी मात्र परस्पर तोडू नका. १९७५च्या वृक्ष कायद्यात तुम्हीच अडकाल.