'शांतपणे'ला इंग्लिशमध्ये नक्की काय लिहायचं?

आपला 'शांतपणे' एकटाच दहा कामं करतो, आणि घोळ तिथेच होतो. मी एकदा ऑफिसच्या मेलमध्ये 'लेट्स डिस्कस धिस सायलेंटली' लिहून बसले, म्हणजे काय तर तोंडातून अवाक्षर न काढता चर्चा करूया! तेव्हापासून मी आधी मराठीतच त्या शब्दाची फोड करते, काय न करता? असं विचारायचं स्वतःला.

न चिडता, न घाबरता असेल तर कामली, स्पेलिंगमध्ये एमच्या आधी एक एल आहे पण तो सहसा बोलत नाहीत. आवाज कमी ठेवून असेल तर क्वाएटली, आवाज अजिबातच नसेल तर सायलेंटली. क्वाएटलीला अजून एक छटा आहे, 'ही क्वाएटली रिझाइन्ड' म्हणजे गाजावाजा न करता राजीनामा दिला, तिथे कामली टाकलं की अर्थच बदलतो. आणि भांडणतंटा, मारामारी न होता असेल तर पीसफुली, मोर्चा पीसफुली पार पडतो, बाळ पीसफुली झोपतं, आणि झोपेतच वारलेल्या माणसाबद्दलही हाच शब्द वापरतात. आपल्या संविधानात कलम 19 मध्ये शांततेने जमायचा हक्क आहे ना, तिथे इंग्लिशमध्ये पीसेबली आहे, पण तो कायद्याच्या भाषेतला, रोजच्या बोलण्यात नको.

कूलीपासून जरा जपून. आपल्याला वाटतं कूल म्हणजे भारी, पण 'शी रिप्लाइड कूली' वाचलं की बऱ्याचदा तिने तुटकपणे उत्तर दिलं असंच वाटतं. सिरीनली, म्हणजे अगदी निवांत, प्रसन्नपणे, हे गोष्टीत, कवितेत छान दिसतं, बॉसच्या मेलमध्ये नाही.

जागा पण बघा. आपण क्रियापदाच्या आधी टाकतो, तिने प्रश्नाचं उत्तर शांतपणे दिलं. इंग्लिशमध्ये 'शी आन्सर्ड द क्वेश्चन कामली' किंवा 'शी कामली आन्सर्ड द क्वेश्चन', दोन्ही चालतात, पण 'आन्सर्ड कामली द क्वेश्चन' कानाला खटकतं, क्रियापद आणि कर्माच्या मध्ये घुसवायचं नाही.

आणि आई 'शांतपणे जेव' म्हणते तेव्हा यातलं एकही चालत नाही हां, तिला सावकाश जेव म्हणायचं असतं, म्हणून 'टेक युअर टाइम'. आपण वैतागून 'मला शांतपणे जेवू दे' म्हटलं तर मात्र 'लेट मी ईट इन पीस'.