शाळेतला टीव्ही कपाटात का जातो? या चुका टाळा

आमच्या जिल्हा परिषद शाळेला गावाने लोकवर्गणीतून एलईडी टीव्ही दिला तेव्हा मी नुकताच मुख्याध्यापकाचा चार्ज घेतला होता, आणि पहिली मोठी चूक मीच केली. टीव्ही डेडस्टॉक रजिस्टरला (शाळेच्या वस्तूंच्या नोंदवहीत) चढवला, वर कव्हर घातलं, खोलीला कुलूप लावलं आणि चावी माझ्या खणात. लोकांच्या पैशाची वस्तू आहे, फुटली तर जबाबदारी कोणाची, ही भीती मनात होती. पण मग झालं असं की ज्या मॅडमना चार मिनिटांचा व्हिडिओ दाखवायचाय त्या आधी मला शोधणार, मी तालुक्याला मीटिंगला गेलेलो, मग खोली उघडणार कोण, सॉकेटला करंट आहे का बघणार कोण, तोवर तास संपला. असं तीनदा झालं की चौथ्यांदा कोणी मागतच नाही. म्हणून सगळ्यात आधी चावी वर्गात द्या. आम्ही टीव्ही पाचवीच्या वर्गात भिंतीला फिट केला, दोन मुलं आणि दोन मुलींना चालू-बंद करायला, पेनड्राइव्ह लावायला शिकवलं, आणि स्टाफ मीटिंगमध्ये स्पष्ट सांगितलं की वापरताना बिघडलं तर शिक्षकावर बोट येणार नाही. हे मुख्याध्यापकानेच बोलायला लागतं, दुसऱ्या कोणाच्या बोलण्याने भीती जात नाही.

दुसरी चूक म्हणजे शुक्रवारचा शेवटचा तास "टीव्हीचा तास" म्हणून लावणं. मग मुलांसाठी ती करमणूक होते आणि धड्याशी नातं तुटतं. व्हिडिओ तिथेच लावायचा जिथे फळ्यावर गोष्ट दिसत नाही. बी रुजण्याचा व्हिडिओ दाखवणारे खूप आहेत, पण अहो मटकी ओल्या फडक्यात बांधली की दुसऱ्या दिवशी मुलांच्या हातात मोड येतात, तिथे स्क्रीन कशाला? आधी मोड हातात घेऊ दे, मग मुळं जमिनीत कशी पसरतात ते फास्ट करून दाखवा, ते मात्र डोळ्यांनी एरवी दिसणार नाही. चंद्रकलांचंही तेच, व्हिडिओ सुरू करायच्या आधी विचारा की अमावस्येला चंद्र कुठे जातो, मुलं काय काय सांगतात ते फळ्यावर लिहा, दोन मिनिटांनी थांबवा, आवाज बंद करून तोच भाग एखाद्या मुलीला समजावून सांगायला लावा, आणि मग अंधाऱ्या खोलीत टॉर्च आणि चेंडू. मला तर थांबवायचं बटण सगळ्यात कामाचं वाटतं.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला, सगळ्यांना त्यांनी पुस्तकांत घातलेला क्यूआर कोड लक्षात राहिला. पण पुरस्काराच्या माहितीप्रमाणे त्यांनी आधी पाहिलं काय, तर मुलांची घरची भाषा कन्नड आणि पुस्तक दुसऱ्या भाषेत. अडचण आधी, कोड नंतर. आपण उलटं करतो, आधी साहित्य येतं आणि मग त्याचं करायचं काय ते शोधत बसतो.

आता रोजच्या अडचणी पटापट सांगतो.

टीव्हीवर "नो सिग्नल" आलं की लगेच मेकॅनिक नको, रिमोटचं सोर्स किंवा इनपुट बटण दाबून बरोबर एचडीएमआय (केबल लावलीय ती खाच) निवडलंय का ते बघा, केबल काढून परत घट्ट लावा. फोनवर काढलेला व्हिडिओ पेनड्राइव्हमधून लागत नसेल तर बऱ्याचदा कारण हे असतं की नवीन फोन जागा वाचवायला एच.२६५ या नव्या फॉरमॅटमध्ये व्हिडिओ साठवतो, जुन्या टीव्हीला ते वाचता येत नाही, कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये एच.२६४ करा. पुस्तकातला क्यूआर कोड फाटलाय किंवा स्कॅन होत नाही? त्याच्या खाली सहा अक्षरं-अंकांचा कोड छापलेला असतो, तो दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपमध्ये टाइप करा. आणि रेंज नसलेल्या शाळेत जाताना घरी वायफायवर आधीच डाउनलोड करून ठेवा, मुलांसमोर गोल गोल फिरणारं चक्र बघत बसू नका. जुन्या प्रश्नपत्रिका मोबाइलवर उघडल्या की भलतीच अक्षरं दिसतात, कारण त्या जुन्या श्रीलिपी वगैरे फॉन्टमध्ये आहेत, तिथून पुढचं सगळं युनिकोडमध्येच (कुठल्याही फोनवर नीट दिसणाऱ्या अक्षरांत) करा, टायपिंग जमत नसेल तर फोनच्या कीबोर्डवरचा माइक दाबून मराठीत बोला, बऱ्यापैकी बरोबर उतरतं.

इन्व्हर्टरच्या बॅटरीचं मात्र जरा थांबून सांगतो कारण यात पैसे जातात. ३० पर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला सरकारचं संयुक्त अनुदान १०,००० रुपये, त्यातच वीजबिल, त्यातच खडू, त्यातच दुरुस्ती, म्हणजे नवीन बॅटरी परवडत नाही. आणि ती मरते उन्हाळी सुट्टीत. अर्धवट उतरलेली बॅटरी मे महिनाभर तशीच पडली की प्लेटा खराब होतात. सुट्टी लागायच्या आधी पूर्ण चार्ज करा, डिस्टिल्ड वॉटर खुणेपर्यंत आहे का बघा (नळाचं पाणी अजिबात नाही), इन्व्हर्टर बंद करा, आणि गावातल्याच कोणालातरी मधून मधून चार्ज करायला सांगा. पावसाळ्यात विजा कडाडायला लागल्या की टीव्हीचा प्लग बोर्डातून काढायचा, नुसतं बटण बंद करून चालत नाही.

वरून मागवल्या जाणाऱ्या माहितीच्या लिंक आणि फोटोंचं बोलायलाच हवं. ग्रुपवर मेसेज येतो, आजच माहिती भरा, आणि शिक्षक चालू तासाला फोन घेऊन बसतो, समोर मुलं. तंत्रज्ञानाचा सगळ्यात जास्त वेळ असाच जात असेल तर मुलांच्या वाट्याला काय आलं? मी शाळेत ठरवून टाकलंय की माहिती भरायची ती शाळा सुटल्यावर, फार तातडीचं असेल तर मी भरतो, वर्गावरच्या शिक्षकाने नाही. केंद्रप्रमुखांशी (आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे अधिकारी) एकदा नीट बोललो, त्यांनाही पटलं.

आणि बदल्या. यू-डायस (शाळेची माहिती भरायचं पोर्टल) असो की शालार्थ (पगाराचं), लॉगिनला नंबर बदली होऊन गेलेल्या सरांचा, ते आता दुसऱ्या तालुक्यात, ओटीपी त्यांच्या फोनवर, आणि आपण शेवटच्या तारखेला त्यांना फोनवर फोन. शाळेच्या नावाने एक ईमेल काढा, रिकव्हरीला दोन नंबर ठेवा, पासवर्ड एका वहीत लिहून ती वही कपाटात कुलुपात ठेवा (कुलूप लावायचंच असेल तर इथे लावा). चार्ज देता-घेताना खुर्च्या-टेबलांच्या यादीखालीच सगळी लॉगिन लिहायची, प्रत्येकाचा नंबर बदलायचा, नवीन माणसाच्या फोनवर ओटीपी आलेला समोर बघायचा, आणि मगच सह्या करायच्या.