मृगाच्या आधी टायरची मोजणी

२५ मेच्या सुमारास नवतपा सुरू होतो आणि ७-८ जूनला मृग लागतं. रोज दुचाकी चालवणाऱ्या नागपूरकराने या मधल्या दिवसांतली एक सकाळ टायरसाठी काढावी. सकाळच का, तर टायर थंड हवा. दुपारी ४५ अंशांत वर्धा रोडवरून आलेल्या टायरमधली हवा तापून फुगलेली असते, त्यामुळे गेज चार-पाच पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) जास्तच दाखवतं. मग माणूस घाबरून हवा सोडतो आणि दुसऱ्या दिवशी कमी हवेवर गाडी पळवून टायरच्या कडा झिजवतो.

आदल्या रात्रीच सामान एका पिशवीत टाकून ठेवा: हवेचं गेज, टायरच्या नक्षीची, म्हणजे खाचांची, खोली मोजायचं छोटं गेज (व्हर्नियर कॅलिपर असेल तर त्याची शेपटीही चालते), ओला फडका, खाचांतली गिट्टी उकरायला जुना स्क्रूड्रायव्हर, खडू, वही. वही नसेल तर मोबाइल. पण मला वहीच बरी वाटते, डिकीत राहते आणि काळ्या हातांनीही उघडता येते.

गाडी डबल स्टँडवर घ्या. डबल स्टँड नसेल तर अर्धं चाक तपासून झाल्यावर गाडी थोडी पुढे ढकला. टायर पुसा आणि बाजूच्या भिंतीवर छोटा त्रिकोण किंवा टीडब्ल्यूआय (ट्रेड वेअर इंडिकेटर, झिजेची खूण) अशी अक्षरं शोधा. त्याच्या सरळ रेषेत खाचेच्या तळाशी रबराची एक बुटकी पट्टी दिसेल. नक्षी झिजून या पट्टीच्या बरोबरीला आली की टायर संपला, त्यात वाद नाही. मोजताना मात्र गेज या पट्टीवर टेकवू नका, आकडा खोटा येतो. चाकावर तीन ठिकाणी खडूने खुणा करा आणि प्रत्येक खुणेवर मध्यभागी, डावीकडे, उजवीकडे मोजा. नऊ आकडे होतील. सरासरी काढत बसू नका, सगळ्यात लहान आकडा धरा आणि त्याच्या शेजारी तारीख व किलोमीटर लिहा.

आपल्याकडे मागचा टायर बहुधा मध्येच झिजतो. रस्ते सरळ, वळणं कमी, त्यात सगळीकडे सिमेंट. बाजूची नक्षी कोरी करकरीत आणि मधला पट्टा सपाट, असा चौकोनी झालेला टायर लांबून नवाच वाटतो. मीही फसलो होतो. ओळखीच्या मिस्त्रीने वाकून पाहिलं आणि म्हणाला, "बाप्पा, अजून एक पावसाळा आरामात निघते भाऊ!" पहिल्याच सरीत उड्डाणपुलाच्या उतारावर ब्रेक लावला तर मागचं चाक बाजूला सरकलं. पडलो नाही, पण घरी येऊन मोजलं तर मध्ये जेमतेम एक मिलिमीटर. दोष त्याचा कमी, माझाच जास्त. तोवर मी कधी मोजलंच नव्हतं.

अनेक गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये पुढे १.५ आणि मागे २ मिलिमीटर ही मर्यादा दिलेली असते. पाणी खाचांतूनच बाहेर जातं, म्हणून पावसाळ्याआधी मी या आकड्यांपर्यंतही थांबत नाही. वहीचा उपयोग इथे होतो. समजा नवा टायर ७ मिलिमीटरचा होता आणि ८,००० किलोमीटरनंतर मध्ये ४ उरले. म्हणजे ३ मिलिमीटर गेले. २ पर्यंत यायला आणखी साधारण ५,३०० किलोमीटर. बुटीबोरीला रोज ये-जा असेल तर हे पावसाळ्यातच संपतील. मग टायर आत्ताच घ्या.

पुढच्या टायरवर हात दोन्ही दिशांनी फिरवा. एकीकडून गुळगुळीत आणि उलट फिरवल्यावर करवतीसारखं लागलं, तर झीज असमान आहे. हवा, चाकाचं बॅलन्सिंग आणि सस्पेन्शन दाखवून घ्या.

हवा किती ते मॅन्युअलमध्ये किंवा गाडीवरच्या स्टिकरवर असतं, डबलसीटचा आकडा वेगळा.

नक्षी भरपूर आहे म्हणूनही खूश होऊ नका. भिंतीवरचे चार आकडे वाचा: २४१९ म्हणजे टायर २०१९ च्या चोविसाव्या आठवड्यात बनला. वर्षानुवर्षं उन्हात उभ्या गाडीच्या टायरला केसासारख्या भेगा पडतात, रबर कडक होतं. असा टायर ओल्या सिमेंटवर गोटाच. दुकानात नवा घेतानाही हे आकडे आधी बघा, मग भाव करा. बसवताना भिंतीवरचा बाण चाकाच्या फिरण्याच्या दिशेने आहे ना ते तिथेच उभं राहून पाहा आणि पहिले शंभर-दीडशे किलोमीटर गाडी फार झुकवू नका.

नवा टायर बसला की त्याच संध्याकाळी नवं पान उघडून खोली आणि किलोमीटर टाका. पुढची मोजणी दसऱ्याला. पूजेसाठी त्या दिवशी गाडी धुवायचीच असते, हार घालण्याआधी गेज लावून घ्यायचं.