स्कूबाचे पहिले प्रमाणपत्र घेताना या चुका टाळा

मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात प्रशिक्षकाचा हात धरून वीस-पंचवीस मिनिटे मासे पाहिले, पाण्याखालचा व्हिडिओ आणि नाव छापलेला रंगीत कागद हातात पडला, की आपण स्कूबा डायव्हर झालो असे अनेकांना अगदी मनापासून वाटते. तो कागद आठवण म्हणून जपून ठेवण्यासारखा असतो, पण तो दाखवून अंदमानात किंवा मालदीवमध्ये कोणी तुम्हाला सिलिंडर भाड्याने देणार नाही. ती असते ‘ट्राय डाइव्ह’. त्यात पोहता येण्याची अट नसते आणि तुमची सगळी जबाबदारी शेजारच्या प्रशिक्षकावर असते. प्रमाणपत्र मिळते ते पॅडी, एसएसआय यांसारख्या स्कूबा प्रशिक्षण देणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थांच्या ‘ओपन वॉटर डायव्हर’ कोर्सनंतर. त्यात लेखी भाग असतो, पोहण्याच्या तलावातला किंवा उथळ पाण्यातला सराव असतो आणि किमान दोन दिवसांत विभागलेल्या चार समुद्री डाइव्ह असतात. त्यानंतर जोडीदाराबरोबर १८ मीटरपर्यंत उतरण्याची मुभा मिळते. म्हणून पैसे भरण्याआधी दोन गोष्टी स्पष्ट विचारून घ्याव्यात: माझी नोंद कोणत्या संस्थेकडे होणार आणि प्रशिक्षकाचा क्रमांक काय. तो क्रमांक संबंधित संस्थेच्या संकेतस्थळावर पडताळून पाहता येतो. जो हे विचारल्यावर नाराज होतो, त्याच्याकडे न गेलेले बरे.

दुसरी चूक वेळापत्रकाची आहे, आणि माझ्या मते बहुतेक अर्धवट राहिलेले कोर्स तिथेच बिघडतात. कोर्सला तीन-चार दिवस लागतात असे सांगितले असताना माणसे शनिवार-रविवारला जोडून एक रजा टाकतात, त्यातला अर्धा दिवस प्रवासात जातो, आणि मग पाण्याच्या दाबाशी कान जुळवून घ्यायला जो निवांतपणा लागतो तो उरत नाही. वेळ कमी असेल तर लेखी भाग घरबसल्या ऑनलाइन करावा, तलावातला सराव पुण्या-मुंबईत उरकावा आणि फक्त समुद्री डाइव्ह तारकर्लीला, कर्नाटकातल्या नेत्राणी बेटाजवळ किंवा अंदमानात कराव्यात. याला ‘रेफरल’ म्हणतात. पॅडीच्या पद्धतीत शेवटच्या सरावापासून १२ महिन्यांच्या आत उरलेला भाग पूर्ण करता येतो. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्वतःची प्रशिक्षण संस्था असल्याने कोकणातच सगळा कोर्स करायची सोयही आहे. फक्त पावसाळ्यात तिथला समुद्र बंद असतो हे लक्षात ठेवावे.

वैद्यकीय फॉर्म

पहिल्या दिवशी सकाळी, बोट सुटायच्या गडबडीत, प्रशिक्षक एक प्रश्नावली पुढे करतो आणि आपण वर-खाली न पाहता सगळीकडे ‘नाही’ लिहून मोकळे होतो. लहानपणी दम्याचा पंप घेतलेला असतो, सायनसचे ऑपरेशन झालेले असते, रक्तदाबाची गोळी चालू असते. पण ‘हो’ लिहिले तर डॉक्टरांची सही लागेल आणि सुट्टी वाया जाईल, ही भीती त्या क्षणी मोठी वाटते. हा फॉर्म म्हणजे कुणाला नापास करण्यासाठी काढलेला पेपर नव्हे. दम्याचा प्रश्न त्यात असतो, कारण आकसलेल्या श्वासनलिकेमागे अडकलेली हवा वर येताना प्रसरण पावते आणि फुप्फुस फाटू शकते. यावर उपाय साधा आहे: निघण्याच्या तीन आठवडे आधी फॉर्म मागवून घ्यावा, घरी शांतपणे वाचावा आणि गरज असेल तर आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जावे. बेटावर त्या सकाळी डॉक्टर शोधत फिरण्यापेक्षा हे कितीतरी सोपे पडते.

सर्दीचेही तसेच. नाक मोकळे करणारी गोळी घेऊन उतरणे हा आपल्याकडचा लोकप्रिय जुगाड आहे, पण तिचा असर पाण्याखाली असतानाच उतरला तर कानात आणि सायनसमध्ये गेलेली हवा वर येताना बाहेर पडत नाही. तेव्हा खालीही राहता येत नाही आणि वरही नीट येता येत नाही. सर्दी असेल तर त्या दिवशी डाइव्ह नको.

‘मला पोहता येते’ हे विधान सोसायटीच्या तलावात कडेकडेने तरंगणारे लोकही करतात. कोर्समध्ये न थांबता २०० मीटर पोहावे लागते, म्हणजे २५ मीटरच्या तलावाच्या आठ फेऱ्या, आणि त्याखेरीज १० मिनिटे तरंगून दाखवावे लागते. वेळेचे बंधन नसते आणि कोणतीही पद्धत चालते, त्यामुळे महिनाभर आधी सराव सुरू केला तर यात अवघड काही नाही.

कान दुखेपर्यंत थांबणे

समुद्रात दर १० मीटरला सुमारे एक वातावरणाइतका दाब वाढतो. पृष्ठभागावरून १० मीटरवर जाताना बंद जागेतली हवा निम्मी होते, पण १० वरून २० मीटरवर जाताना ती निम्म्यावरून एक-तृतीयांशापर्यंतच येते. याचाच अर्थ असा, की कानाला सर्वाधिक त्रास खोल पाण्यात नव्हे तर पहिल्या काही मीटरांत होतो, आणि नवशिक्या नेमका तिथेच कडेने उतरणाऱ्या माशांकडे पाहत बसतो. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मारायची ती डोके पाण्याखाली जाताच, आणि पुढे दर अर्ध्या-एक मीटरला. दुखू लागल्यावर मारलेली फुंकर बहुधा उपयोगाची नसते, कारण तोवर कानातून घशाकडे जाणारी नळी दाबाने मिटलेली असते. अशा वेळी जोर न लावता मीटरभर वर यावे, थांबावे, पुन्हा प्रयत्न करावा. दोरी धरून आणि पाय खाली ठेवून उतरल्यास पुष्कळांचे कान सहज मोकळे होतात. एक कान उघडतो आणि दुसरा हट्ट धरतो असे असेल, तर हट्टी कान वरच्या बाजूला येईल अशी मान तिरपी करून पाहावी.

मास्कमधले पाणी

कोर्समधल्या सगळ्या कसरतींपैकी सर्वाधिक माणसे अडखळतात ती इथे. मास्क पाण्याने भरून तो पुन्हा रिकामा करायचा असतो: वरची कड बोटांनी कपाळाशी दाबायची, नजर किंचित वर करायची आणि नाकातून सावकाश उच्छ्वास सोडायचा. करायला बसल्यावर मात्र माणूस खाली पाहतो, घाबरून तोंडानेच हवा सोडतो आणि पुढचा श्वास नाकातून घेतो. नाकात पाणी गेले, की थेट वर झेप. खरी अडचण मास्कची नसून नाक उघडे असताना केवळ तोंडाने श्वास घेण्याची सवय नसण्याची आहे, आणि ती सवय घरच्या बादलीत लागते. तोंडात स्नॉर्कल, म्हणजे श्वास घ्यायची नळी, धरून, मास्क न लावता, चेहरा बादलीत बुडवून एक मिनिट शांतपणे श्वास घ्यायचा. मीही हेच केले होते. घरच्यांनी काळजीने विचारपूस केली, पण तलावातला तो प्रसंग पहिल्याच प्रयत्नात निभावला.

मास्क सतत गळत असेल तर पट्टा आणखी आवळू नये. त्याने कड वाकडी होऊन गळती वाढते. आधी कडेखाली केस अडकलेत का ते पाहावे. मिशी असेल तर नाकाखालची बारीकशी पट्टी कातरल्यास मोठा फरक पडतो.

शिसे आणि श्वास

पटकन खाली जाता यावे म्हणून कमरेला जास्त शिसे बांधणे ही सोयीची, पण महागात पडणारी चूक आहे. जादा वजन तोलण्यासाठी जॅकेटमध्ये, म्हणजे बीसीडीत, जास्त हवा भरावी लागते. थोडे वर गेले की तीच हवा फुगून आणखी वर ओढते, आपण घाईने ती सोडतो आणि दगडासारखे तळाला बसतो. मग वाळू उडते, पाणी गढूळ होते, मागच्यांना काही दिसत नाही. योग्य वजनाची परीक्षा अशी, की जॅकेट रिकामे करून, नेहमीइतका श्वास धरून उभे तरंगल्यास पाणी डोळ्यांच्या पातळीला यावे. ॲल्युमिनियमचे सिलिंडर रिकामे होताना हलके होते, त्यासाठी सुमारे दोन किलो जादा धरावेत. तलावात जुळलेले वजन समुद्रात तसेच चालेल असेही मानू नये, कारण खारे पाणी जास्त उचलते.

वरील चाचणी वगळता श्वास कधीही रोखायचा नाही. भरलेल्या छातीने श्वास धरून सव्वा मीटर वर आले तरी फुप्फुसाला इजा होऊ शकते, म्हणजे हा नियम उथळ तलावातही तितकाच लागू आहे. उतरण्यापूर्वी आपल्या गेजकडे, म्हणजे सिलिंडरमधल्या हवेचा दाब दाखवणाऱ्या काट्याकडे, पाहत तीन-चार श्वास घ्यावेत. श्वासागणिक काटा थरथरत खाली जाऊन परत येत असेल, तर सिलिंडरची चावी पुरती उघडलेली नाही. वरवर पाहता सगळे ठीक असते, रेग्युलेटर, म्हणजे तोंडात धरून श्वास घ्यायचे साधन, हवाही देतो. खोलवर मात्र तो अपुरा पडतो.

परतीचे तिकीट

शेवटची डाइव्ह आणि विमान यांत एका डाइव्हनंतर किमान १२ तास, आणि अनेक दिवस डाइव्ह केल्यास किमान १८ तास जाऊ द्यावेत, असा सर्वमान्य संकेत आहे. अंदमानातल्या स्वराज द्वीपावर दुपारी डाइव्ह करून दुसऱ्या दिवशी पहाटे पोर्ट ब्लेअरहून, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमहून, उडणारे तिकीट यात बसत नाही. मालवणहून कोल्हापूरकडे आंबोलीमार्गे जाणाऱ्यांनी घाटाचाही विचार करावा, कारण विमानासारखाच उंचीवरही हवेचा दाब कमी असतो. आंबोली समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या आसपास आहे, त्यामुळे शेवटची डाइव्ह सकाळी उरकून मुक्काम खालीच करणे चांगले.

प्रमाणपत्राचे कार्ड मिळाल्यावर प्रत्येक डाइव्हची नोंद वहीत करावी, आणि त्यात दिसलेल्या माशांच्या आधी किती किलो शिसे, कोणता सूट, कोणते सिलिंडर आणि शेवटी किती बार (दाबाचे एकक) हवा उरली हे लिहावे. पुढच्या हंगामात अनोळखी दुकानात ‘वजन किती लावू?’ असे विचारले जाईल, तेव्हा उत्तर त्याच पानावर सापडेल.