ग्वाल्हेरच्या थंडीत पाहुण्यांसाठी घर उबदार कसं करावं

डिसेंबरात तानसेन समारोह, त्याला लागून मेळा, मग संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू. आमच्या ग्वाल्हेरात पाहुण्यांची गर्दी होते ती नेमकी थंडीत, आणि येणारे बहुतेक पुण्या-मुंबईकडचे, एका शालीत हिवाळा काढणारे. लश्कर या ग्वाल्हेरच्या जुन्या भागातलं आमचं घर जुनं. भिंती दगडी, जमीन दगडी, छतालाही दगडाच्या पट्ट्या. जानेवारीत रात्री पारा 5-6 अंशांवर येतो आणि मग हा दगड दिवसभर गार राहतो. अशा घरात पंचवीस हिवाळे मी पाहुणे उतरवून घेतले आहेत.

घर उबदार करा म्हटलं की लोक सांगतात, अभ्रे बदला, सुगंधी मेणबत्त्या लावा, एका भिंतीला गडद रंग द्या. ज्याचे पाय गारठलेत त्याला तुमचे अभ्रे दिसत नाहीत. आधी पाय, मग पाठ, मग बाकीचं.

पाय

आपल्याकडे माणूस चपला-बूट काढूनच आत येतो. म्हणजे आपल्या घराशी त्याची पहिली भेट तळपायांनी होते. म्हणून सतरंजी खोलीच्या मधोमध अंथरू नका, उंबरठ्यापासून सुरू करा. हळदीकुंकवाला बायका संध्याकाळी येतात आणि जेमतेम दहा मिनिटं टेकतात, त्यांना दारापासून बैठकीपर्यंत एकदाही फरशीवर पाय ठेवावा लागू नये. सतरंजीखाली जुनी चादर दुहेरी करून घाला, फरक लगेच कळतो. दाराशी एका टोपलीत धुतलेले लोकरी मोजे ठेवा, लहान-मोठे पाच-सहा जोड. पाहुणे आधी संकोचाने नको म्हणतात. तुम्ही स्वतः एक जोड चढवलात की घेतात.

ऊन

फुकटचं आणि सगळ्यात मोठं साधन हेच. डिसेंबरच्या शेवटी ग्वाल्हेरात भर दुपारीही सूर्य 40 अंशांच्याच आसपास चढतो, त्यामुळे दक्षिणेकडच्या 7 फुटी दारातून ऊन चांगलं 8 फूट आत येतं. जूनमध्ये हाच सूर्य इतका डोक्यावर असतो की त्या दारातून ऊन आत येतच नाही. तेव्हा उन्हाळ्यात बांधलेल्या चिका, म्हणजे बांबूच्या काड्यांचे पडदे, अजून खाली सोडलेल्या असतील तर आजच गुंडाळा. साधारण 11 ते 3 पडदे पूर्ण बाजूला, आणि जिथे ऊन पडतं तेवढी सतरंजीसुद्धा दुमडून ठेवा, म्हणजे दगड तापेल. दगड तापायला वेळ घेतो, पण निवायलाही घेतो. बरोबर 4 वाजता दारं-खिडक्या लावायच्या आणि जाड पडदे ओढायचे. सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो, पण ‘अजून उजेड आहे’ म्हणून तोवर उघडं ठेवलं तर दिवसभराची कमाई बाहेर जाते.

फटी

संध्याकाळी एक उदबत्ती पेटवून दाराच्या आणि खिडक्यांच्या चौकटीजवळून हळूहळू फिरवा. धूर जिथे एकदम वाकडा होतो तिथून वारा येतो आहे. खिडकीला फोमची चिकटपट्टी पुरते. दाराखाली दाराच्या रुंदीची लांबट पिशवी शिवून त्यात वाळू भरून ठेवा. कापूस भरू नका, येता-जाता पायाने सरकते आणि फट उघडीच राहते. वर छताजवळ जो झरोका असतो, तो मात्र बुजवू नका. का, ते पुढे सांगते.

रजया

मऊ, चकचकीत ब्लँकेटं बाजारात ढिगाने मिळतात, पण आत शिरलं की पहिली दहा मिनिटं ती गारच लागतात. पाहुण्याला रुईची रजई द्या. आमच्याकडे एकेरी रजईला अडीच किलो रुई घालतात. रुईत अडकलेली हवा ऊब धरून ठेवते. रुईचे गोळे झाले की हवा जाते आणि रजई नुसती जड होते. त्यामुळे दर दोन-तीन वर्षांनी रुई काढून पिंजून घ्यावी, आणि ते काम दिवाळी झाल्याबरोबर उरकावं, डिसेंबरात पिंजाऱ्याकडे रांग असते. पिंजताना समोर उभं राहा, म्हणजे आपलीच रुई परत आपल्या रजईत येते. टाके जवळजवळ घालायला सांगा, लांब टाक्यांची रुई महिन्याभरात पायथ्याशी गोळा होते. वरून सुती खोळ.

पाहुणे येणार त्या दिवशी रजई दोन्ही बाजूंनी उन्हात घाला आणि 3 च्या आत उचला. उचलल्यावर पसरून ठेवू नका. घट्ट घडी, त्यावर चादर. रात्री उघडाल तेव्हा आत अजून ऊन असतं.

शेगडी

आता मी जरा थांबून बोलणार आहे, कारण मी इथेच चुकले होते आणि त्या चुकीने दोन माणसं जाता जाता राहिली.

संक्रांतीचे दिवस होते. पुण्याहून आत्या आणि आत्येबहीण आलेल्या. तीन दिवस असं धुकं पडलं होतं की समोरच्या घराची गच्ची दिसत नव्हती, उन्हाचं तर नावच नको. आत्या रात्री कुडकुडायच्या. कोणीतरी सांगितलं, आतल्या खोलीत कोळशाची शेगडी ठेव, फक्त कोळसा पुरता लाल होऊ दे आणि शेजारी पाण्याचं भांडं ठेव, पाणी गॅस ओढून घेतं. मी सगळं तसंच केलं. अंगणात शेगडी पेटवली, धूर पूर्ण जाईपर्यंत वारा घातला, निखारे लालबुंद झाल्यावर आत नेली. शेजारी स्टीलचं पातेलं भरून पाणी. त्याच आठवड्यात मी त्या खोलीच्या सगळ्या फटी बुजवल्या होत्या, झरोक्यात सुद्धा जुनी साडी कोंबली होती. दार ओढून घेतलं आणि खालून वाळूची पिशवी सारली.

पहाटे पाचला काहीतरी पडल्याचा आवाज आला. आत्या उठून दारापर्यंत आल्या होत्या आणि तिथेच कोसळल्या होत्या, हात लागून पातेलं उलटलं होतं. बहीण हाका मारून उठेना. गदागदा हलवल्यावर तिने डोळे उघडले, डोकं फुटतंय म्हणाली आणि उलटी केली. मला वाटलं पित्त झालं असेल, आदल्या दिवशी खूप गजक, म्हणजे तीळ-गुळाची इथली खुसखुशीत मिठाई, खाल्ली होती. मी लिंबाचं सरबत करायला निघाले होते. तेवढ्यात यजमानांनी दार-खिडक्या उघडून दोघींना अंगणात आणलं आणि आम्ही दवाखाना गाठला. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “खोलीत शेगडी होती का?” कित्येक तास ऑक्सिजन लावल्यावर दोघी सावरल्या.

झालं होतं ते असं. कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्यांना झोंबत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पट घट्ट चिकटतो, म्हणजे माणूस श्वास घेत असतो पण शरीराला प्राणवायू मिळत नाही. आधी डोकं जड होतं, मळमळतं, चक्कर येते, मग गुंगी. झोपलेल्या माणसाला यातलं काहीच कळत नाही, तो झोपेतच जातो. धूर गेला की धोका गेला, हा समज सगळ्यात घातक. बिनधुराचे लाल निखारेच हा वायू सोडत असतात. आणि पाण्याचं भांडं? हा वायू पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. ते पातेलं काय आणि देव्हाऱ्यातलं ताम्हण काय, काहीही उपयोग नाही. हा सल्ला मला आजही दर हिवाळ्यात कुठे ना कुठे ऐकू येतो आणि दर वेळी मी बोलणाऱ्याला थांबवते.

म्हणून माझा नियम एकच आहे आणि त्याला अपवाद नाही: निखारा छपराखाली आणायचा नाही. झोपायच्या खोलीत नाही, जागं असतानाही नाही, ‘फक्त अर्धा तास’ही नाही, ‘खिडकी थोडी किलकिली ठेवून’ही नाही. बाळ-बाळंतिणीच्या खोलीत तर अजिबात नाही, मग घरातल्या वडीलधाऱ्यांनी कितीही आग्रह केला तरी. गॅसच्या गिझरचंही तेच. तो बंद न्हाणीघरात असेल तर तिथेही हाच वायू साठतो, तो बाहेरच्या भिंतीवर बसवून घ्या. आणि एकाच खोलीतल्या दोघा-तिघांचं एकदम डोकं दुखायला लागलं तर पित्त, प्रवास, थंडी काही म्हणत बसू नका. सगळ्यांना आधी मोकळ्या हवेत आणा, मग 108 ला फोन करा.

शेगडीशी माझं वैर नाही, तिची जागा अंगणात किंवा गच्चीवर आहे. संध्याकाळी 6 च्या सुमारास पेटवावी, भोवती मोढे (वेताची बुटकी आसनं) आणि पाट मांडावेत, निखाऱ्यांत रताळी पुरावीत, सोलायला मटारच्या शेंगा द्याव्यात. पाहुण्यांच्या गप्पा बैठकीत तासाभरात रंगत नाहीत तेवढ्या तिथे पंधरा मिनिटांत रंगतात, आणि माणूस आत येतो तो शेकून आलेला असतो. उठताना उरलेल्या निखाऱ्यांवर पाणी मारा. ‘उगाच वाया कशाला’ म्हणून शेगडी आत आणायचा मोह इथेच होतो.

आत विजेचा हीटर. 2000 वॅटचा ब्लोअर 9 अँपिअरच्या जवळपास करंट ओढतो, त्यामुळे 16 अँपिअरच्या जाड पिनेच्या सॉकेटलाच लावा. साध्या 6 अँपिअरच्या बोर्डावर किंवा एक्स्टेन्शनवर लावला तर वायर तापते. पाहुणे यायच्या अर्धा तास आधी चालू, झोपताना बंद, आणि रजई-पडद्यांपासून 3 फूट लांब. तेलाचा हीटर महाग असतो, हळू तापतो, पण ज्यांच्या घरी म्हातारी माणसं वरचेवर उतरतात त्यांनी पैसे साठवून तोच घ्यावा. हीटरमुळे खोलीतली हवा कोरडी पडते, तिथे पाण्याचं भांडं ठेवलेलं चालतं. ते फक्त घशासाठी. झरोका मोकळा तो मोकळाच.

उजेड, खाणं

पांढरे बल्ब काढून पिवळसर लावा, खोक्यावर 2700 केल्विन लिहिलेलं असतं. तिन्हीसांजेला देवापाशी समई. एवढं पुरे.

आल्याचा चहा पाहुणा बसल्यापासून पाच मिनिटांत हातात यावा, त्यासाठी आलं आधीच ठेचून ठेवा. गजक आणि तिळगुळाच्या वड्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, धुक्याच्या दिवसांत बशीत काढून ठेवलेली गजक तासाभरात सादळते आणि दाताला चिकटते. मुरैना चाळीस किलोमीटरवर, ताजी गजक रोज येते, तेव्हा एकदम दोन किलो भरून ठेवायची गरज नाही. जेवायला बाजरीची भाकरी, लोणी, मटारची उसळ. भाकरी करून ठेवू नका, तव्यावरून थेट ताटात वाढा.

रात्र आणि सकाळ

पाहुणे जेवायला बसले की रबरी पिशवीत गरम पाणी भरून रजईत पायथ्याशी सारून ठेवा. पाणी उकळतं नको. पिशवी पाऊणच भरायची, तोंडाशी दाबून हवा काढायची आणि मग बूच लावायचं, वर टॉवेल गुंडाळायचा. पाहुणा झोपायला आला की पिशवी काढायची की ठेवायची ते त्याला विचारा. उशाशी थर्मासमध्ये कोमट पाणी आणि एक भांडं ठेवा, रात्री गार पाण्याच्या तांब्याला हात लावायची कोणाचीच तयारी नसते. न्हाणीघराच्या वाटेवर एक दिवा रात्रभर चालू.

सकाळी गरम पाण्याची पहिली बादली पाहुण्याची. न्हाणीघरात लाकडी पाट आणि आतल्या खुंटीवर कोरडा टॉवेल आदल्या रात्रीच ठेवा, म्हणजे ओल्या अंगाने दार उघडून कोणाला हाक मारावी लागत नाही.